चाळीस सेकंद

तार तोडायचं काम दुपारी तीनचं होतं.
मी पोचलो तेव्हा अंधार पडलेला.
जानेवारीत डुलुथला दिवस असाच,
मिळाला तर मिळाला.

सरोवराच्या वरच्या चढावर रांतालांचं घर.
भिंतीतलं भोक माझंच, त्र्याऐंशी सालचं,
नवं ड्रिल, नवी नोकरी.
आर्वो तेव्हा धक्क्यावर बोटींत लोखंडाची माती भरायचा,
म्हणाला होता, भोक बारीक पाड रे, वारा आत येतो.
त्या रात्री हॉकीची मॅच लागली
आणि अख्खा चढ एकदम ओरडला.
खरंच सांगतो, एकदम.
कुत्री पलंगाखाली शिरली.

आता गोल पोस्टमनसारखा चढ चढतो.
आधी रेडिओवाल्या म्हाताऱ्यांकडे,
मग कोपऱ्यावरच्या बारमध्ये, तिथे डिश आहे,
मग ज्यांची केबल अजून शाबूत, त्या चार घरांत.
बसथांब्यावर मोबाइल धरून उभा पोरगा सगळ्यांत शेवटी.
तो एकटाच उडी मारतो,
आणि लोक जरा सरकून उभे राहतात.

आमच्या कंपनीचं आणि चॅनेलचं पैशांवरून फाटलं.
एकोणतीस नंबरला निळा पडदा,
त्यावर माफीचं पत्र, खाली सही नाही.
नातवानं, कोल्टननं, फोनवरून दीड तास खपून
आजोबांना स्ट्रीमिंगवर आणलं.
फ्रिजवर कागद: पाच पासवर्ड, दोन खोडलेले.
बुधवारची मॅच एका अ‍ॅपवर, शनिवारची दुसऱ्यावर,
आणि एकदा तीन मैलांवरची मॅच म्हणाली,
आपल्या भागात उपलब्ध नाही.
आर्वो म्हणाला, मी कुठे राहतो ते हिला कुणी सांगितलं?

हेल्वीनं मात्र रेडिओ सोडला नाही.
एका कानात गुंडी, टेबलावर पत्ते,
एकटीचाच डाव.
ती त्याच्यापेक्षा चाळीस सेकंद पुढे जगते.
सुरुवातीला सांगून टाकायची.
तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, गल्लीला ठाऊक आहे.
आठवडाभर अबोला झाला म्हणे.

मी शिडीवर. हातमोजा दातांत, हातात कात्री,
टोपीखाली माझ्याही कानात तोच रेडिओ.
खिडकी समोरच. दिव्याचा उजेड बर्फावर सांडलेला.
बरोबरी, शेवटचं मिनिट.
आणि निवेदकाचा आवाज बसला.
त्यांनी घातला. आम्ही गेलो.

आत हेल्वीचा पत्ता हवेतच थांबला.
तिनं वर पाहिलं, मला पाहिलं,
माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे,
तिनं हळूच बोट ओठांवर ठेवलं.

आर्वो खुर्चीच्या टोकावर.
मुठी गुडघ्यांवर, मान पुढे,
त्याचा गोली अजून जाळीसमोर ताठ उभा.
त्या खोलीत आम्ही अजून हरलो नव्हतो.
मी मनात मोजत होतो, अकरा, बारा,
कात्री उघडीच.
वाटलं, पडदा अडकावा, ते गोल चाक फिरत राहावं,
ज्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या.
एकतीस, बत्तीस.
हेल्वीनं पत्ता खाली ठेवला, चुकीच्या जागी,
उठली, कॉफीचं भांडं उचललं,
त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

मग त्याच्या मुठी सुटल्या.

तिनं कप भरला. तो काहीतरी बोलला,
काचेतून ऐकू आलं नाही.
मी तार तोडली. आवाज कसला येणार,
नख कापल्याइतका.
खाली उतरून भोकात मेण भरलं,
अंगठ्यानं दाबलं,
वारा आत जाऊ नये म्हणून.

फॉर्मवर त्याची सही घ्यायची होती.
दारात उभा राहून त्यानं विचारलं,
तुला आधीच कळलं होतं ना?
मी म्हटलं, नाही.
त्याच्यामागून हेल्वी म्हणाली,
पेन चालत नाहीये त्याचं, आपलं दे.